सरांनी सांगितलेला अर्थ

चिंचदऱ्यात इंग्रजी म्हणजे भागवत सर. खताच्या पोत्यावर काय छापलंय, बँकेचा मेसेज काय म्हणतोय, पोराला कंपनीचं पत्र आलंय ते नोकरीचं की नकाराचं, सगळं सरांच्या ओट्यावर यायचं. अकोले तालुक्यातलं, डोंगराकडचं हे गाव. तिथल्या हायस्कूलला सरांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी गाव काही त्यांना रिटायर होऊ देईना. आणि सरांना तरी कुठं व्हायचं होतं! कागद हातात आला की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, घसा खाकरला जायचा, आणि ओट्यावरची चार माणसं गप्प व्हायची. त्या गप्प होण्यावरच सर जगत होते म्हणा ना.

माणूस वाईट नव्हे हो. बाप दुसऱ्याच्या भातखाचरात राबणारा, आई डोंगरातून हिरडा गोळा करणारी. आठवीत असताना इंग्रजीच्या तासाला मास्तरांनी उभं केलं, एका साध्या शब्दाचा अर्थ विचारला, याला आला नाही आणि सगळा वर्ग खो खो हसला. पोरगं घरी येऊन जेवलं नाही. मग राजूरच्या बाजारातून रद्दीतली डिक्शनरी आणली आणि पानं फाटेस्तोवर पाठ केली. तेव्हापासून एक खोड जडली ती जडलीच. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ‘बघून सांगतो’ हे तर अजिबात नाही. एकतीस वर्षांत कुठल्याही पोरानं सरांना शब्दावर अडलेलं पाहिलं नाही, आणि याचा सरांना केवढा गर्व!

तर झालं असं. गेल्या कार्तिकात, भात कापणीच्या दिवसांत, वरच्या आळीचे बन्सीआबा वारले. सत्तरी उलटलेला, काटक म्हातारा. बायको मालनबाई लेकीच्या बाळंतपणाला संगमनेरला गेलेली. मुलगा महेंद्र दुधाच्या टेम्पोवर, पहाटे जायचा तो दुपार टळल्यावर यायचा. घरात आबा, सून मोनिका आणि नात ईश्वरी. दोन दिवस आबांचं पोट दुखत होतं. मोनिकानं ओवा दिला, पोटावर शेक दिला, "मामा, दवाखान्यात जाऊ," म्हणून किती वेळा म्हणाली. म्हातारा काही बोलेना. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या, अंगणातच पडले. मोनिकानं गाडीवाल्याच्या हातापाया पडून जीप मिळवली, पोरगी शेजारी ठेवली आणि आबांना थेट संगमनेरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात हो." अर्ध्या तासात सगळं संपलं. महेंद्र टेम्पो घेऊन पोहोचला तेव्हा मढं बाहेर काढत होते. त्याच्या हातात एक कागद पडला, तो त्यानं खिशात घातला आणि बापाला घेऊन गावी आला.

दहाव्याचा विधी झाल्यावर तो कागद बाहेर निघाला. महेंद्रच्या ओसरीवर भावकी बसलेली, सरही होतेच. महेंद्र म्हणाला, "सर, आबास्नी नेमकं झालं काय ते वाचा बरं. मला तवा कायबी उमगलं न्हाई."

सरांनी चष्मा लावला. अक्षर डॉक्टरांचं, म्हणजे विचारू नका. पहिल्या ओळीत एकच शब्द धड लागत होता, ‘स्ट्रँग्युलेटेड’. पुढं दोन-तीन आखूड केलेले शब्द, चिखलातून कोंबडी गेल्यासारखे. सरांना ते लागले नाहीत. पण लागले नाहीत असं म्हणतील ते सर कसले?

"स्ट्रँग्युलेटेड," सर मोठ्यानं म्हणाले. "म्हणजे गळा आवळलेला."

आत चुलीवरच्या चहाला उकळी फुटली.

महेंद्रचा चुलता छगन. शाळा चौथी, पण डोकं जाग्यावर. तो म्हणाला, "आवो पन सर, गळा आवळल्याचं आसतं तर दवाखान्यानं पोलिसास्नी कळवलं नसतं का? मयत अशी सरळ कशी ताब्यात दिली?"

आता बघा, प्रश्न सोन्यासारखा होता. सरांच्याही मनात एक क्षण टोचलं. पण चौथी शिकलेल्या माणसानं चारचौघांत आपल्याला शब्दावर अडवावं, याचाच सरांना राग आला. "छगनराव," सर म्हणाले, "मी शब्दाचा अर्थ सांगतोय. दवाखान्यानं काय करायला पाहिजे होतं ते दवाखान्याला विचारा." भावकीतल्या आदिनाथनं खिशातला मोबाईल काढला, सरांकडून स्पेलिंग विचारून तो एकच शब्द टाकला. मोबाईलनंही तेच सांगितलं. एकटा शब्द विचारल्यावर तो बिचारा दुसरं काय सांगणार? सरांनी मान हलवली, बघा म्हणावं.

तेवढ्यात शेजारच्या चांगुणाबाई पदर तोंडाला लावून बोलल्या, "आता बोलावं का न बोलावं... पन त्या दिशी सकाळी म्या डोळ्यानं बघितलं. मोनिकाचं दोनी हात म्हाताऱ्याच्या गळ्यापाशी हुतं."

होते ना. थंडीचा मफलर गळ्याला गाठ मारून बांधलेला, उलटी गळ्यात अडकायला लागली म्हणून मोनिका ती गाठ सोडत होती. पण हे त्या ओसरीवर कोण सांगणार? मोनिका चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती ना नवऱ्याकडं बघत होती ना सासूकडं. ती सरांकडं बघत होती. चिंचदऱ्याला आजोळी राहून दहावीपर्यंत सरांच्याच वर्गात बसलेली पोरगी, तिसऱ्या बाकावर. एक शब्द बोलली नाही. आणि सरांनी काय करावं? ती बोलत नाही यातच समजून घ्या, असं स्वतःशी म्हणाले आणि चहा न पिता घरी गेले.

पोलिसांत कुणी गेलं नाही. राख झालेल्या माणसाचं काय दाखवणार, आणि घरची अब्रू ती वेगळीच. महेंद्रनं बायकोला एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसवली आणि कोतुळाकडं तिच्या माहेरी सोडून आला. पाच वर्षांची ईश्वरी मात्र ठेवून घेतली. "जिनं म्हाताऱ्याला सोडलं न्हाई, ती पोरीला काय सोडंल," असं मालनबाई म्हणाल्या, आणि गावानं मान डोलावली.

पौष गेला, माघ गेला. सरांच्या जांघेत एक गाठ यायला लागली. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत. बायकोनं धोशा लावला तेव्हा चैत्रात संगमनेरला एका सर्जनकडं गेले. तरुण डॉक्टर, हसतमुख. तपासून म्हणाला, "हर्निया आहे. तुमच्याकडे अंतर्गळ म्हणतात बघा. ऑपरेशन करून टाकू. घाबरायचं नाही, पण लांबवायचंही नाही. उद्या स्ट्रँग्युलेट झाला तर जिवावर बेतेल."

सर शर्टाची बटणं लावत होते. हात तिथंच थांबले. "काय झाला तर?"

"स्ट्रँग्युलेट."

"पण तो शब्द तर... गळ्याचा आहे ना?"

डॉक्टर हसला. "गळा आवळला की गळा आवळणं. इथं आतडं आवळतं. पोटाच्या भोकातून आतड्याचं वेटोळं खाली उतरतं, भोकाच्या कडेत अडकतं, त्याचं रक्त बंद होतं. मग काळं पडतं, सडतं. म्हातारी माणसं लाजेपायी सांगत नाहीत, पोट दुखतंय म्हणतात, आणि आमच्याकडे येतात तेव्हा हातात काही राहिलेलं नसतं. मी तर कागदावर रोज लिहितो हा शब्द."

सर बाहेर आले. बसस्टँडवर अकोल्याची एसटी समोर लागली, सुटली, सरांना दिसली नाही. दुसरीही गेली. घरी आल्यावर त्यांनी डिक्शनरी काढली. नवी, जाडजूड, विद्यार्थ्यांनी निरोपाला दिलेली. पहिला अर्थ: गळा आवळून मारणे. दुसरा अर्थ, त्याच्या खालच्याच ओळीत: वैद्यकात, शरीराच्या एखाद्या भागाचा रक्तप्रवाह दाब पडून बंद होणे. हे पुस्तक तेव्हाही घरातच होतं. महेंद्रच्या ओसरीपासून शंभर पावलांवर. आणि मेला माणूस गळा दाबून मारलेला असेल तर इंग्रजीत ‘स्ट्रँगल्ड’ लिहितात, ‘स्ट्रँग्युलेटेड’ कशाला लिहितील? शेपटासाठी, एकेका प्रत्ययासाठी ज्यांनी पोरांच्या तळहातावर छड्या मारल्या, त्या सरांना हे शेपूट दिसलं नव्हतं.

मग काय, उठून जायचं आणि सांगायचं. एवढंच तर होतं. पण जाता येईना हो! पहिल्या दिवशी सर महेंद्रच्या दारापर्यंत गेले आणि "यंदा गाय आटली का रे?" असं विचारून परत आले. दुसऱ्यांदा गेले तर मालनबाईंनी बसायला घोंगडी टाकली, "आमच्या घराची लाज तुमी वाचवली, सर," म्हणाल्या, आणि सर पाणी पिऊन उठून आले. उद्या सांगू. आठवड्यानं सांगू. आपलं ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सांगू. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि सर ओट्यावर बसून कागद वाचत राहिले. त्यांना स्वतःची किळस येत होती, पण गाव आपल्यावर हसेल या भीतीपुढं ती किळसही कमी पडत होती. आठवीतला तो वर्ग साठीच्या माणसाच्या उरावर असा बसलेला.

रोज सकाळी दहाला ईश्वरी अंगणवाडीला जाताना सरांच्या ओट्यावरून जायची. आजीला धड दिसत नाही, त्यामुळं भांग वाकडा, एक वेणी वर, एक खाली. सर आत निघून जायचे. बायकोनं एकदा विचारलं, "त्या लेकरानं तुमचं काय घोडं मारलंय?" सर तिच्यावर ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

श्रावणात महेंद्रनं निरोप धाडला. फारकत घ्यायची ठरली होती. मोनिकाच्या माहेरची माणसं येणार, मारुतीच्या देवळात बैठक, वकिलाकडून कागद लिहून आणलेला, तो सरांनी सर्वांसमोर वाचून दाखवायचा आणि साक्षीदार म्हणून सही करायची. तुमच्याशिवाय दुसरं कोण, असंही वर म्हणाला.

देवळात दोन्हीकडची दहा-बारा माणसं. मोनिका तिच्या बापाच्या मागं भिंतीला टेकून बसलेली. दहा महिन्यांत पोरगी अशी वाळली होती की सरांनी आधी ओळखलीच नाही. कागद मराठीतला, टाईप केलेला, अगदी स्वच्छ. सर वाचू लागले. उभयतांमध्ये मतभेद... उभयता राजीखुशीने... पाचव्या कलमाशी आले. "मुलगी नामे ईश्वरी ही कायमस्वरूपी वडिलांच्या ताब्यात राहील. आईचा तिच्यावर कोणताही हक्क..."

सर थांबले. मोनिकानं मान खाली घातली होती. नाही म्हणत नव्हती, रडत नव्हती. सही करायला तयार होऊन आली होती ती. सरांनी कागद खाली ठेवला.

"हे मी वाचणार नाही," ते म्हणाले. "बन्सीआबांचा गळा कुणी दाबला नाही. त्यांना अंतर्गळ होता. आतडं अडकून सडलं, त्यानं गेले. डॉक्टरांनी तेच लिहिलं होतं. पुढचं अक्षर मला लागलं नाही आणि मी लागलं नाही म्हणालो नाही. त्या शब्दाला दोन अर्थ आहेत. मी एकच सांगितला. चूक माझी आहे. पोरीची नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मालनबाई म्हणाल्या, "तो गोळा त्यास्नी बारा वरसं हुता. हातानं आत सारायचे. मला एकटीला ठावं. मला म्हनले हुते कुनाला सांगू नगंस..." आणि कपाळावर हात मारून घ्यायला लागल्या. गळा म्हटल्यावर जांघेचा विचार त्यांच्याही मनात आला नव्हता. सुनेला तर म्हातारा सांगणारच कसा!

महेंद्र उठून सरांच्या समोर आला. "सर, तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. आज सकाळी कळलं म्हणता आलं असतं. "चैत्रात," सर म्हणाले.

महेंद्रनं बोटांवर महिने मोजले. मोजताना त्याचे ओठ हलत होते. "पाच म्हैनं," तो म्हणाला. "पाच म्हैनं माझी पोरगी रोज तुमच्या दारावरनं जाती, सर." त्यानं हात उगारला असता तर सरांनी गाल पुढं केला असता. त्यानं काही केलं नाही. मोनिकाच्या बापानं मात्र त्यालाच धरलं, "सर चुकले ते चुकले. तू नवरा हुतास ना रं? तू माझ्या लेकीला एकदा तरी इचारलंस का?"

छगननं तो कागद उचलला, चार घड्या घालून कोपरीच्या खिशात कोंबला आणि आदिनाथला म्हणाला, "जा, आंगनवाडीतनं पोरीला घिऊन ये. पळ."

या सगळ्यात मोनिका बसली होती तिथंच बसली होती. माणसं आपापसांत बोलायला लागली तेव्हा ती उठली, सरांजवळ आली, आणि वर्गात उभी राहायची तशी हात पुढं बांधून उभी राहिली.

"सर, मला तवा वाटलं, सर सांगत्यात म्हंजी खरंच आसंल," ती म्हणाली. "मामास्नी उलटी हुत हुती, मी घाबरले हुते. मफलरची गाठ सुटंना. मला वाटलं, मी ती आनिकच आवळली आसंल. माझ्याच हातनं झालं आसंल आन मला कळलंबी नसंल. म्हनून मी बोलले न्हाई. घरी आईलाबी सांगितलं न्हाई. मी म्हनलं, ईश्वरी माझ्यापशी नसल्यालीच बरी."

पाच महिने ते समजत होते की एका शब्दानं त्यांनी तिचं घर मोडलं, तिची पोर तोडली. ती रात्रंदिवस स्वतःला खुनी समजून जगली, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. गावानं सरांवर ठेवला नसेल एवढा विश्वास तिनं ठेवला होता.

"म्हंजी मी न्हाई मारलं?" तिनं विचारलं.

"नाही गं पोरी. तू नाही मारलंस. तू त्यांना वाचवायला नेलंस."

ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मागं देवळाच्या पायऱ्यांवर ईश्वरीचा आवाज आला, तरी ती वळली नाही.

"परत सांगा, सर," मोनिका म्हणाली.

सरांनी परत सांगितलं.